टोरांटोत नवे आहात? आधी लायब्ररीचं कार्ड काढा

टोरांटोत आल्या आल्या सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), बँकेचं खातं आणि फोनचं सिम ही कामं सगळेच उरकतात. त्याच आठवड्यात लायब्ररीचं कार्डही काढून टाका. टोरांटो पब्लिक लायब्ररीच्या शहरभर 100 शाखा आहेत. नाव आणि पत्ता दाखवणारे कागद लागतात. इथलं लायसन्स अजून हातात नसेल तर पासपोर्ट आणि घराचं लीज घेऊन जा. शेजारच्या मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन शहरांच्या लायब्ऱ्या मात्र वेगळ्या, तिथे राहत असाल तर तिथलं कार्ड काढा.

अनामत, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, हा आपल्याकडच्या वाचनालयांचा हिशोब इथे विसरा. कार्ड फुकट. पुस्तक तीन आठवडे ठेवता येतं, आणि मागे कोणी रांगेत नसेल तर मुदत वाढवून मिळते. उशिराचा दंड 2022 मध्ये मोठ्यांसाठीही बंद झाला. हरवलंत तर किंमत भरावी लागते, ते रास्तच आहे. हवं ते पुस्तक दुसऱ्या टोकाच्या शाखेत असलं तरी घरबसल्या होल्ड लावा, म्हणजे ते तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगा. ते तुमच्या शाखेत येऊन पडतं आणि तसा निरोप येतो. परत करायला तर कुठलीही शाखा चालते.

एवढं सगळे शिकतात आणि तिथेच थांबतात. डेस्कमागे बसलेल्या माणसाशी मात्र कोणी बोलत नाही. ‘उगाच कशाला त्यांना त्रास द्यायचा’ हा आपला जुना संकोच. मग तोच प्रश्न व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो, पाच जण सात उत्तरं देतात, आणि त्यातली निम्मी त्यांच्या काळातली असतात. इथे लायब्रेरियन म्हणजे बहुतेक करून ग्रंथालयशास्त्रात मास्टर्स केलेला माणूस. लोकांचे प्रश्न सोडवणं हेच त्याचं काम आहे.

समजा तुम्ही जाऊन विचारलंत, ‘नोकरीवर काही पुस्तक आहे का?’ तो लगेच कपाटाकडे बोट दाखवणार नाही. आधी उलट विचारेल: कोणत्या क्षेत्रात? त्याला ओंटारियो प्रांतात परवाना लागतो का? अडलंय कुठे, रेझ्युमेत की मुलाखतीत? दोन-तीन प्रश्नांत तुम्हाला नेमकं काय हवंय ते तुमचं तुम्हालाच कळतं. मग तो स्क्रीन तुमच्याकडे वळवून दाखवतो: हा डेटाबेस, हे ऑनलाइन कोर्स कार्डावर फुकट, ही अमुक शाखेतली कार्यशाळा. पैसे घेऊन हेच सांगणारे ‘कन्सल्टंट’ इथे पुष्कळ भेटतील. आधी इथे विचारा, मग खिशात हात घाला.

लायब्रेरियन तुमचा इमिग्रेशनचा फॉर्म भरून देणार नाही, कायद्याचा किंवा औषधपाण्याचा सल्लाही देणार नाही. योग्य माहिती कुठे आहे आणि कोणाला भेटायचं ते सांगेल. काही शाखांत सेटलमेंट वर्कर, म्हणजे नव्याने आलेल्यांना बस्तान बसवायला मदत करणारी माणसं, बसतात. मुलांच्या शाळेचा प्रवेश, हेल्थ कार्ड, सरकारी कागदपत्रं यासाठी पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) असलेल्यांनी त्यांना जरूर गाठावं. वर्क परमिटवर किंवा शिकायला आला असाल तर तुम्हाला काय मिळू शकतं, ते आधी विचारून घ्या.

लायब्ररीच्या कर्मचाऱ्यांची किंमत गावाला कळली ती ऑक्टोबर 2023 मध्ये. सायबर हल्ल्याने लायब्ररीची वेबसाइट, कॅटलॉग, शाखांमधले कॉम्प्युटर, सगळं बंद पडलं आणि कित्येक महिने धड सुरू झालं नाही. परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात, म्हणून ती ट्रेलरमध्ये भरून ठेवावी लागली. तरी शाखा उघड्या होत्या आणि पुस्तकं मिळत होती, कारण कर्मचारी हाताने नोंदी करत होते.

घरात लहान मूल असेल तर शाखेतल्या गोष्टी सांगायच्या कार्यक्रमांच्या वेळा बघा. तान्ह्या बाळांसाठीही ते असतात. तिथे भेटलेल्या आयांकडून डेकेअरची जी माहिती मिळते ती गूगलवर मिळत नाही. इंग्रजी बोलायला जीभ वळत नसेल तर गप्पांचे गट आहेत. म्युझियमचे पासही कार्डावर मिळतात, पण ते पटकन संपतात.

भारतातून आई-बाबा आले असतील तर जानेवारीत त्यांना घरात कोंडून ठेवू नका. आत बसायला, पेपर चाळायला कार्ड लागत नाही. एकदा यंग आणि ब्लूर या रस्त्यांच्या चौकाजवळच्या रेफरन्स लायब्ररीतही घेऊन जा. वास्तुकार रेमंड मोरियामा यांनी बांधलेली ही इमारत 1977 मध्ये उघडली, आणि आतला मजल्यांमागून मजले चढत जाणारा मोकळा चौक बघायला माझे सगळे पाहुणे मी आवर्जून नेते. तिथली बहुतेक पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तेवढं आधी सांगून ठेवा.

आणि मराठीचं? तमिळ किंवा गुजरातीसारखी भरगच्च कपाटं मराठीची दिसणार नाहीत. पण खरेदीसाठी पुस्तक सुचवायची सोय वेबसाइटवर आहे, आणि ती आपण फारशी वापरत नाही. चार-पाच कुटुंबांनी मिळून नावं सुचवा, आलेलं पुस्तक आठवणीने घरी न्या. जे पुस्तक कोणी नेतच नाही, ते कपाटातून काढलं जातं.