मृगात कोळशी आणि काटा: संत्रा बागायतदारांसाठी

मृगाचा पाऊस झाला की संत्र्याला नवती फुटते आणि त्याच दिवसांत कुपाटीची (काटेरी कुंपणाची) डागडुजी निघते. या दोन्ही कामांत काळ्या बुरशीशी गाठ पडते. एक बुरशी पानावर ढळढळीत दिसते, दुसरी बाभळीच्या काट्यावर बसलेली असते आणि दिसत नाही. आपण घाबरतो पहिलीला. खरी काळजी दुसरीची घ्यायला हवी.

आधी पानावरची. पान काजळी धरल्यासारखं काळं पडलं की आपण कोळशी आली म्हणतो. ओलं फडकं घेऊन पान पुसून बघा. काळा थर निघाला आणि खाली हिरवं पान दिसलं तर ती कोळशी. डाग पुसला जात नसेल तर बुरशी पानाच्या आत शिरली आहे. टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्याची बुरशीही काळ्याच जातीची, पण ती पेशी मारते. कोळशी पानाला खात नाही. काळ्या माशीची पिल्लं रस शोषून जो गोड चिकटा टाकतात, त्यावर ती वाढते. तरी नुकसान होतंच, कारण ऊन पानापर्यंत पोचत नाही आणि झाड अन्न तयार करू शकत नाही.

म्हणून नुसतं बुरशीनाशक मारत राहणं म्हणजे पैसा पाण्यात. माशी आहे तोवर चिकटा पडणार आणि चिकटा आहे तोवर कोळशी येणार. नवतीची कोवळी पानं उलटून बघा. माशी खालच्या बाजूला चकलीच्या वेढ्यासारखी अंडी घालते. साधारण निम्मी अंडी उबली की 10 लिटर पाण्यात 100 मिली निंबोळी तेल आणि 10 ग्रॅम कपड्याची पावडर मिसळून फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. तुषार पानाच्या खालून लागला पाहिजे. वरून भिजवलेली बाग दिसायला छान, पण माशी तशीच राहते. दाटी झालेल्या फांद्या आणि सल (वाळलेल्या फांद्या) काढा, म्हणजे हवा खेळेल.

हा काळा रंग म्हणजे मेलॅनिन, आपल्या कातडीत असतं त्याच गटातलं. त्याच्या जोरावर या बुरश्या ऊन आणि कोरड सोसतात, म्हणून त्या पानावर, सालीवर, वाळल्या लाकडावर, मातीत, सगळीकडे तग धरतात. सगळ्याच वाईट नाहीत. ऑरिओबॅसिडियम नावाचं काळं यीस्ट फळांच्या सालीवर राहतं. काही देशांत ते फळकुज रोखायला जैविक औषध म्हणून विकतात. पण काट्यासोबत जी बुरशी मांसात शिरते, तिला हेच मेलॅनिन चिलखतासारखं उपयोगी पडतं. शरीराच्या संरक्षक पेशींना ती सहज मारता येत नाही.

अशी बुरशी पायात शिरून गाठ येते तो मदुरा पाय, हा जुना आजार. 1860 च्या सुमारास मुंबईत डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी तो बुरशीमुळे होतो असं मांडलं. पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. म्हणजे हा आजार आपल्या मुलखाला नवा नाही. कोकणासारख्या ओल्या पट्ट्यात अशाच बुरश्यांमुळे पायावर फुलकोबीसारखे चामखीळ येतात, तो वेगळा आजार. 2021 साली ज्याला ‘काळी बुरशी’ म्हणत होते त्याच्याशी दोन्हींचा संबंध नाही. ती बुरशी काळी नव्हतीच, मेलेलं मांस काळं दिसत होतं.

मदुरा पायाची गाठ दुखत नाही. सगळा घात इथेच होतो. काटा टोचल्याचं विसरूनही जातो, काही महिन्यांनी, कधी वर्षांनी तिथे घट्ट गाठ येते, मग छिद्रं पडतात आणि त्यांतून मोहरीसारखे बारीक कण येतात. तोवर बुरशी हाडापर्यंत गेलेली असू शकते. उशीर झालेल्यांचे पाय कापावे लागले आहेत.

कुपाटी करताना चप्पल नको, जाड तळाचा बूट घाला. बाभूळ-बोरीच्या फांद्या हाताने नाही, बेळक्याने ओढा. काटा मोडला तर टोकासकट काढा, जखम साबणाने भरपूर पाण्यात धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. टोक आत राहिलं असेल तर ते दवाखान्यातच काढून घ्या. आणि कळकळीने सांगतो, बिब्बा घालू नका. कातडी जळते, फोड येतो आणि खालची गाठ ओळखू येत नाही.

गाठ दिसली तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जा आणि काटा टोचल्याचं आठवणीने सांगा. तुकडा तपासून घेणं गरजेचं असतं: काळे कण असले तर बुरशी, पांढरे-पिवळे असले तर जिवाणूही असू शकतात आणि दोन्हींची औषधं वेगळी. बुरशीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात, मधेच सोडू नका. छिद्रावरच्या पट्टीला कण लागलेले दिसले तर ती पट्टी फेकू नका, स्वच्छ डबीत घालून सोबत न्या.