पालेर्मोला जाताय? शाकाहारी असाल तर हे आधी वाचा

इटलीच्या सिसिली बेटावरल्या पालेर्मोला एकच दिवस असेल तर रविवार टाळा, कारण कापेला पालातीना हे १२व्या शतकातलं सोनेरी मोझाइकवालं चॅपल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी पर्यटकांना मध्येच बंद असतं, आम्ही वेळ न बघता गेलो आणि उन्हात ताटकळलो. खांदे झाकणारी ओढणी बॅगेत ठेवाच, जवळच्या मोन्रेआले गावच्या कॅथेड्रललाही लागते.

आता खरं महत्त्वाचं, खाणं. बाल्लारो मार्केटमध्ये पानेल्ले मागा. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, पातळ कापून तळतात, म्हणजे आपली पाटवडीच की तळलेली!! वर लिंबू पिळून पावात भरून देतात, त्याला पाने ए पानेल्ले म्हणायचं, पहिला घास घेतला आणि मला वडापावच आठवला, इतकं आपलं वाटतं ते. सोबत काझ्झिल्ली, म्हणजे बटाट्याची तळलेली छोटी कटलेटं, घ्या.

पण नावाला फसू नका. आरांचिना म्हणजे सारण भरून तळलेला भाताचा गोळा. त्यातली आरांचिना अल बुर्रो, बुर्रो म्हणजे बटर म्हणून मी बिनधास्त घेतली, आत हॅम निघालं. बहुतेक ठिकाणी असतंच, म्हणून पालकवाली (स्पिनाची) मागा आणि तरी विचाराच, "सेन्झा कार्ने?" म्हणजे मांसाशिवाय ना, आणि "सेन्झा प्रोशुत्तो?" म्हणजे हॅम नाही ना, हे वेगळं विचारा, नुसतं कार्ने विचारलं तर हॅम सुटून जातं. पाने का मेउझा हा पाव तर प्लीहेचा असतो, चरबीत परतलेला, आणि बऱ्याचदा पानेल्लेच्या शेजारीच मिळतो, तेव्हा तेल कुठलं तेही विचारून घ्या.