बेसबॉलच्या संघाला सहायक प्रशिक्षक निवडताना: खो-खोवाला, भालावाला आणि एक कॅचर

दर जूनमध्ये कुठल्या ना कुठल्या कॉलेजातला नवा क्रीडा संचालक मला फोन करतो. "सर, प्राचार्य म्हणतात यंदा बेसबॉलची टीम काढा. हेड कोच मीच. सहायक दोन-तीन घ्या म्हणाले, मानधन थोडंच आहे. कोणाला घेऊ?" अर्ज कोणाचे आलेत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. जवळजवळ सगळे क्रिकेटवाले, एक-दोन सॉफ्टबॉलचे, आणि एखादा प्राचार्यांच्या ओळखीचा.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी चोवीस वर्षं फिजिकल डायरेक्टर होतो. चुकीची माणसं नेमली आणि बरोबरचीही नेमली. त्यातून कळलं ते एवढंच, की बायोडेटातला खेळ बघायचा नाही, त्या खेळानं माणसाच्या अंगात काय मुरलंय ते बघायचं. आणि काय मुरलेलं नाही, तेही.

आधी कामं वाटून घ्या, माणसं नंतर शोधा. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये बरीच वर्षं हेड कोच, दोन पगारी सहायक आणि एक बिनपगारी स्वयंसेवक अशी रचना होती. १ जुलै २०२३ पासून स्वयंसेवकाची जागा गेली आणि सहायक तीन झाले. ढोबळमानानं एकाकडे पिचर (चेंडू फेकणारे), एकाकडे बॅटिंग, उरलेल्याकडे कॅचर (बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारा) किंवा फिल्डिंग. नवी पोरं हेरून आणायचं कामही त्यांच्यातल्याच एकाकडे असतं. आपल्याकडे एवढा पैसा नाही, पण वाटणी हीच ठेवा. "तुम्ही सगळंच बघा" असं तिघांना सांगितलंत, तर तिघंही बॅटिंगच बघतात. मजा तिथंच आहे ना.

क्रिकेटवाल्याला टाळू नका, फक्त कुठं बसवायचा ते नीट ठरवा. उंच उडालेला चेंडू झेलणं, चेंडूच्या रेषेत येणं, दुरून नेमका थ्रो करणं यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून आउटफिल्ड, म्हणजे लांबचं बाहेरचं मैदान, त्याला द्या. बॅटिंग देताना मात्र एक गोष्ट तपासा. क्रिकेटमध्ये चेंडू टोलवल्यावर धावायचं की नाही हे फलंदाज ठरवतो. इथं चेंडू रेषेच्या आत जमिनीवर पडला की धावावंच लागतं. क्रिकेटवाल्यानं तयार केलेली पोरं पहिल्या बेसकडे (धावून गाठायच्या पहिल्या थांब्याकडे) निघण्याआधी अर्धा क्षण मागं वळून बघतात, आणि तिथंच बाद होतात.

पिचर मात्र वेगवान गोलंदाजाच्या हाती देऊ नका. मी दिला होता. पोरगा गुणी होता, तालुक्याच्या स्पर्धांत विकेटी काढायचा. पण गोलंदाज लांबून धावत येतो आणि चेंडू सोडताना कोपर सरळ ठेवतो. पिचर एका जागी रबरपट्टीवर पाय ठेवून उभा असतो, आणि त्याचा सगळा वेग कोपर वाकवून उलगडण्यात असतो. हे आमच्या गोलंदाजाला कोणी सांगितलं नव्हतं, मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. "अजून एक स्पेल" म्हणत त्यानं आमच्या चांगल्या पिचरला अंधार पडेपर्यंत फेकायला लावलं, दुसऱ्या दिवशी परत मॅचला उभं केलं. हंगाम संपेपर्यंत त्या पोराला पाण्याची बादली उचलवेना. चूक नेमणाऱ्याची, म्हणजे माझी.

मग पिचर कोणाला द्यायचे? मी भालाफेकीवाल्याला देतो. यावर लोक हसतात, तेव्हा मी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची आठवण करून देतो. उत्तर प्रदेशातले हे दोघं भालाफेकपटू. २००८ साली भारतात चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, तिच्यातून ते निवडले गेले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघानं त्यांच्याशी करार केला. मधल्या काळात त्यांना तयार केलं टॉम हाऊस यांनी. हाऊस स्वतः पिचर होते, पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. ८ एप्रिल १९७४ ला हँक आरन या फलंदाजाचा ७१५ वा होमरन (थेट कुंपणापार गेलेला फटका) कुंपणापलीकडे बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागी, ज्यानं झेलला, तो हाच माणूस.

आमच्याकडे शिरपूरकडचा एक भालाफेकीवाला आला. बेसबॉल त्यानं टीव्हीवरही पाहिला नव्हता. पहिल्या सकाळी कोपऱ्यात उभा राहून दहा मिनिटं नुसता बघत होता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, हाऊ पोऱ्या कोपर खाले पाडस." खरंच, चेंडू सुटायच्या आधी पोराचं कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरत होतं. त्यानं गळ्यातला बागायती रुमाल काढला, एका टोकाला गाठ मारली आणि चेंडूऐवजी तोच पोराच्या हातात दिला. स्वतः समोर पंजा पुढं करून उभा राहिला. "गाठ माझ्या हातावर वाजली पाहिजे." कोपर पडलं की रुमाल खालून जायचा, आवाजच यायचा नाही. आठवड्याभरात आवाज यायला लागला. असा रुमालाचा सराव अमेरिकेतही करतात हे मला फार नंतर कळलं.

पण भालावाल्यालाही एक गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे मोजणं. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, आणि स्पर्धेत फेका असतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बेसबॉल दीडशे ग्रॅमच्या आतला, पण एका सामन्यात तो शंभर वेळा फेकला जातो. पिचरांचे हात जपण्यासाठीच्या अमेरिकेतल्या पिच स्मार्ट या मार्गदर्शिकेच्या शिफारशीत १७-१८ वर्षांच्या पोराला दिवसाला जास्तीत जास्त १०५ आणि १९ ते २२ वर्षांच्याला १२० पिच (फेका) सांगितलेत. तीसपर्यंत फेकले तर दुसऱ्या दिवशी खेळू शकतो, ३१ ते ४५ झाले तर एक दिवस विश्रांती, पुढं दिवस वाढत जातात.

सॉफ्टबॉलवाले दिसायला सगळ्यात जवळचे, म्हणून तिथं जास्त फसगत होते. सॉफ्टबॉलचा पिचर हात चक्रासारखा फिरवून खालून फेकतो. त्याचं ज्ञान आपल्या पिचरला कामाचं नाही. शिवाय तिथं चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये तो आधीच चार पावलं पुढं सरकून उभा असतो, आणि पिचर कधीही वळून बेसवर फेकू शकतो. ही पुढच्या बेसची चोरी आणि पकडापकडी सॉफ्टबॉलवाल्याला नव्यानंच शिकावी लागते. बेसांमधलं अंतरही साठ फुटांचं नव्वद होतं.

सॉफ्टबॉलचा कॅचर मिळाला तर मात्र डोळे मिटून घ्या. मैदानात तोंड बाहेरच्या बाजूला करून बसलेला तो एकटाच, त्याला सगळे दिसतात. आमच्याकडे पाचोऱ्याला सासर असलेल्या एक ताई होत्या, शाळेत शिकवायच्या, पूर्वी विद्यापीठाच्या कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. त्यांनी पोरांना आधी उठण्या-बसण्याची पद्धत शिकवली आणि मग सगळ्यांना स्कोअरशीट लिहायला लावली. मुलींचा संघ असेल तर बाई सहायक हवीच, पण तिला नुसती प्रवासात सोबत म्हणून नेऊ नका, काम द्या.

खो-खोवाला बेस धावण्यासाठी घ्या. बसल्या जागेवरून उठणं, खांबाशी कलंडून वळणं, अंग जमिनीवर झोकून देणं, हे त्याच्याइतकं कोणाला येतं? फक्त झेप डोकं पुढं करून घेऊ देऊ नका, पाय पुढं करून घसरायला त्यालाच आधी शिकवा. आणि काळ्या मातीत नाही. भेगाळलेल्या मैदानावर माझ्या एका पोराचा घोटा गेला आहे.

आता कागदपत्रं. प्रमाणपत्रावर "सहभाग" लिहिलंय की क्रमांक, आंतरमहाविद्यालयीन की आंतरविद्यापीठ, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स की पूर्ण डिप्लोमा, हे वाचा. फायली जाड असतात, आतली पानं झेरॉक्स. मुलाखतीत एवढंच विचारा: "तू कुठल्या जागेवर खेळायचास, आणि तिथून तुला कोणाची चूक आधी दिसायची?" जो माणूस स्वतःच्या विकेटी सांगत बसतो, त्याला चहा पाजून पाठवा. दुसरी परीक्षा मैदानावर. एक कच्चं पोरगं द्या आणि दहा मिनिटं बाजूला व्हा. पहिली दोन मिनिटं तो गप्प राहून बघतो का, तेवढंच पाहा.

नेमणुकीच्या पत्रात एक ओळ न विसरता टाका: पिचरला थांबवायचा अधिकार पिचिंग सहायकाचा, सामना हरतोय म्हणून हेड कोच तो निर्णय बदलणार नाही. आणि मोजायला महागडं यंत्र लागत नाही. नामजपाचं बोटात घालायचं काउंटर चालतं. आमचं मी मुक्ताईच्या यात्रेत घेतलं होतं. दर पिचला एक बटण, आणि ते भालावाल्याच्या बोटातून कोणी काढून घ्यायचं नाही, प्राचार्यांनीसुद्धा.