रविवारचं रेस-कार्ड: आधी हरणारे गाळा

रेसचं कार्ड हातात आलं की नवखा माणूस आधी घोड्यांची नावं वाचतो, मग जॉकी बघतो आणि ओळखीच्या जॉकीच्या घोड्यावर बोट ठेवतो. मी दुसऱ्या टोकाकडून सुरू करते. या शर्यतीत कोण जिंकूच शकत नाही, ते आधी ठरवायचं. आठातले तीन-चार पेन्सिलीनं खोडले की उरलेल्यांवर नीट डोकं लावता येतं.

माझी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली, तीही विदर्भातच. गायी, बैल, शेळ्या; घोडा म्हणाल तर वरातीतला. पण घोड्याचं शरीर हा माझा विद्यार्थिदशेपासूनचा आवडीचा विषय, आणि निवृत्तीनंतर धरमपेठेतल्या घरी रविवारची दुपार मी त्याच्या नावे करून टाकली आहे. मुंबईतलं महालक्ष्मीचं रेसकोर्स इथून सात-आठशे किलोमीटर. मी पैसे लावत नाही. नागपुरात बसून कुणा बुकीला फोन करणं बेकायदा आहे, आणि रेसकोर्सवरच्या कायदेशीर खिडकीवर गेलात तरी लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी, जो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. मला त्यातलं कौशल्य तेवढं हवं आहे. ते वहीत फुकट मिळतं.

शेजारचे भाऊ दर आठवड्याला विचारतात, "मॅडम, हे सगळं राहू द्या ना, सीधा नंबर सांगा बाप्पा, कोन येते?" नंबर सांगता येतो, पण तो शेवटी.

पहिलं काम म्हणजे दिवसाच्या सगळ्या शर्यतींच्या मागे लागायचं नाही. दोन निवडा. ज्यांत बहुतेक घोडे कधी धावलेलेच नाहीत अशा नवख्यांच्या शर्यती सोडून द्या. तिथे वंशावळ आणि कुजबूज याशिवाय हाती काही नसतं. हँडिकॅपच्या शर्यती धरा. मुंबई-पुण्यात घोड्यांना त्यांच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं आणि त्यावरून वर्ग ठरतात. चौथा वर्ग २० ते ४६ रेटिंगचा, तिसरा ४० ते ६६ चा. रेटिंगचा एक गुण म्हणजे पाठीवर अर्धा किलो. चांगल्या घोड्याला जास्त ओझं, कमी घोड्याला कमी, म्हणजे कागदावर सगळे एका वेळी पोहोचायला हवेत. तसे ते पोहोचत नाहीत, आणि आपलं काम तिथूनच सुरू होतं.

आता एक बनावट कार्ड घेऊ. घोड्यांना आपल्या नागपूरच्या तलावांची नावं देते, म्हणजे कुणाच्या खऱ्या घोड्याला दोष लागायला नको. चौथा वर्ग, १२०० मीटर. अंबाझरी, रेटिंग ४६, वजन ६२ किलो. फुटाळा ४२, ६० किलो. गोरेवाडा ३८, ५८ किलो. नाईक ३६, ५७ किलो. सोनेगाव ३०, ५४ किलो. गांधीसागर २८, ५३ किलो. लेंडी २४, ५१ किलो. सक्करदरा २२, ५० किलो.

खोडायला घ्या. लेंडी याच वर्गात लागोपाठ शेवटी आलाय आणि अंतरही तेच, तो गेला. गांधीसागर १६०० आणि २००० मीटरला शेवटी जोर धरणारा घोडा. १२०० मीटरला त्याचं इंजिन गरम होईपर्यंत शर्यत संपलेली असेल. सक्करदऱ्याच्या नाकातून मागच्या धावेनंतर रक्त आलं होतं आणि सक्तीच्या विश्रांतीनंतर तो पहिल्यांदाच उतरतोय.

या रक्ताबद्दल थोडं थांबून सांगते, कारण कार्ड वाचणारे ती नोंद बघून पुढे जातात. सुसाट धावताना घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो. पाय आणि फुप्फुस एकाच तालात बांधलेले. प्लीहेतला लाल पेशींचा साठा रक्तात ओतला जातो, रक्त दाट होतं, हृदय ते प्रचंड दाबानं फुप्फुसांत ढकलतं. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्या या दाबाला फुटतात. थोडं रक्त आत सांडणं शर्यतीच्या घोड्यांत सर्रास आहे, दुर्बीण घालून पाहिलं तरच दिसतं. ते नाकाबाहेर येण्याइतकं असेल तर मात्र गोष्ट गंभीर. असा घोडा परत आला की पहिल्या धावेत मी त्याला कधी धरत नाही. दुसऱ्या धावेला बघू.

पाय हा दुसरा मुद्दा. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि धावताना असा क्षण येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर पडतो. त्या पायामागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, दुखावली तर बरी व्हायला महिने जातात, आणि बरी झाली तरी पहिल्यासारखी लवचिक राहत नाही. म्हणून घोडा पाच-सहा महिने दिसला नाही की मी आधी विचारते, कुठे होता? हंगामच संपला होता की मधल्या हंगामात एकटाच गायब होता? पहिली गोष्ट साधी, दुसरीत काहीतरी दडलेलं असतं. पुण्याचा हंगाम पावसाळ्याचा, मुंबईचा हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. तारखा लावून बघितल्या की कळतं.

उरले पाच. आता ओझ्याचा हिशोब. फुटाळ्यानं मागच्या खेपेला याच वर्गात, याच अंतरावर नाईकला तीन लांबींनी हरवलं. (लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाइतकं अंतर.) सगळ्यांचं बोट त्याच्यावर जाणार. पण त्या दिवशी फुटाळ्याचं रेटिंग ३४ होतं आणि पाठीवर ५४ किलो. नाईकच्या पाठीवर ५५. जिंकल्यावर रेटिंग आठ गुणांनी चढलं. आज फुटाळा ६०, नाईक ५७. म्हणजे तेव्हा एक किलो कमी, आज तीन किलो जास्त, फरक चार किलोंचा. या अंतरावर दीड किलोला एक लांबी असा ढोबळ हिशोब धरतात. तीन लांबींपैकी अडीचच्या वर गेल्या की! उरली अर्धीहून कमी.

इथे आकड्यांवर विसंबू नका, मागच्या शर्यतीची चित्रफीत बघा. फुटाळा शेवटच्या शंभर मीटरला चाबूक खात जिंकला की जॉकी लगाम धरून बसला होता? लगाम धरून तीन लांबी म्हणजे खरं तर पाच. हँडिकॅप लावणाऱ्यांनाही हे दिसतं, पण ते अंदाजानंच गुण वाढवतात. समजा फुटाळा सहज जिंकला होता. मग तो अजून शर्यतीत आहे.

अंबाझरी मागच्या खेपेला तिसऱ्या वर्गात पाचवा आला, चार लांबी मागे. आता खालच्या वर्गात. "क्लास उतरला, आता सोपं आहे," असं लोक म्हणतात. वर्ग उतरला तसं वजन चढलं, हे कुणी बघत नाही. वरच्या वर्गात तो तळाला होता, पाठीवर हलकं ओझं; इथे तोच सगळ्यांत वर, ६२ किलो. मोठ्या हाडापेराच्या घोड्याला ते झेपतं, सडपातळ फिलीला, म्हणजे तरुण घोडीला, जड जातं. शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या मोकळ्या जागेत, फिरवतात, तेव्हा थेट प्रक्षेपणात तेवढं बघून घ्या. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो का, हेही बघा. पडत असेल तर पाठ आणि मागचे पाय मोकळे आहेत. मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल आणि घोडा लगामाशी भांडत असेल, तर त्याची अर्धी शर्यत इथेच झाली.

आता वेगाची गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडीचा सेकंदांचा आकडा हाच निकाल असतो. घोड्यांच्या शर्यतीत तसं नाही. १२०० मीटर एक मिनिट दहा-अकरा सेकंदांत झाले, एवढ्यावरून घोडा चांगला की वाईट ते कळत नाही, कारण पहिले ६०० मीटर कुणी किती जोरात ओढले यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून प्रत्येक घोड्यापुढे लिहा: पुढे धावणारा, मधला, मागून येणारा. पुढे धावणारा एकच असेल तर सावध. तो एकटा पुढे जाऊन दम राखून चालेल आणि शेवटी कुणाला सापडणार नाही. दोन-तीन असतील तर ते एकमेकांना जाळतात.

आपल्या कार्डात गोरेवाडा आणि नाईक दोघेही पुढे धावणारे. गोरेवाडा पहिल्या गेटमध्ये, रेलिंगला लागून. नाईक आठव्या गेटमध्ये, सगळ्यांत बाहेर. आत यायचं तर त्याला सुरुवातीलाच जोर लावावा लागणार. गोरेवाडा त्याला जागा देणार नाही. दोघांची झुंज लागली की शेवटच्या दोनशे मीटरला अंबाझरी आणि सोनेगाव यांना दार उघडं. मी नाईकला खाली ढकलते, गोरेवाड्याला मधे ठेवते.

सोनेगाव पाच महिन्यांनी उतरतोय. वर सांगितलेला प्रश्न विचारला: मधे हंगामच नव्हता, म्हणजे ठीक. मग सकाळच्या सरावाच्या नोंदी. "६०० मीटर ३८ सेकंद, मोकळा धावला" आणि "६०० मीटर ३८ सेकंद, दामटला" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात अजून शिल्लक आहे, दुसऱ्यात खिसा रिकामा. पाठीवर जॉकी होता की रायडिंग बॉय, म्हणजे फक्त सरावाला घोडा पळवणारा, तेही बघा. वजनात फरक पडतो. सरावावरून घोडा तयार आहे एवढंच कळतं. त्याची लायकी कळायला शर्यतच लागते, आणि पेपरातल्या सरावाच्या ओळी वाचून घोडा निवडणारे इथेच फसतात. सोनेगाव मोकळा धावलाय, वर शिकाऊ जॉकी असल्यामुळे वजनात सवलतही आहे. सवलत चांगली, पण गर्दीतून वाट काढायला हात कच्चा. मी दोन्ही गोष्टी समोरासमोर खोडते.

साज बदललाय का, हे कार्डात बारीक अक्षरात असतं. पहिल्यांदा झापडं लावली असतील तर बिचकणारा घोडा एखादे वेळी एकदम सुधारतो. जीभ बांधली असेल तर श्वासाची तक्रार असावी.

जमिनीचं माप पेनेट्रोमीटरनं घेतात: दांडा जमिनीवर टेकवायचा, त्यावर ठराविक उंचीवरून वजन सोडायचं आणि तो मातीत किती रुतला ते बघायचं. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ. मुंबईत जानेवारीत याची फार काळजी करू नका. पुण्यात ऑगस्टमध्ये करा. पावसानंतर जड ओझ्याच्या घोड्याचे हाल होतात, आणि तेव्हा मी अंबाझरीसारख्याला सरळ खाली आणते.

डर्बीचं गणित वेगळं. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटर. त्याआधीची डिसेंबरातली टू थाउजंड गिनीज ही मोठी शर्यत १६०० ची. म्हणजे ज्याच्यावर सगळे डोळे लावून बसलेत तो बहुधा आठशे मीटर जास्त पहिल्यांदाच धावणार. तिथे रेटिंगपेक्षा आई-बाप कोणत्या अंतराचे होते आणि गिनीजमध्ये रेषा ओलांडतानाही वेग होता का, हे बघायचं.

आता भाऊंचा नंबर. मी नंबर लिहीत नाही, शंभर टक्के वाटून टाकते. फुटाळा २८, अंबाझरी २७, सोनेगाव १६, गोरेवाडा १३, नाईक ९, गांधीसागर ३, लेंडी २, सक्करदरा २. बेरीज शंभर झालीच पाहिजे, नाहीतर आपण सगळ्यांनाच खूश करत सुटतो. मग भाव बघायचा. फुटाळ्यावर शंभर रुपयांना, ते शंभर परत मिळून वर दीडशे मिळतायत, म्हणजे अडीचशेत शंभर, बाजार त्याला ४० टक्के संधी देतोय. माझ्या हिशोबात २८. तो जिंकेलही, पण त्या भावात तो महाग आहे. सोनेगाववर तसेच शंभराला वर आठशे, म्हणजे ११ टक्के, माझे १६. वहीत खूण सोनेगावपुढे. भाऊ वैतागतात: "म्हंजे जिंकनारा एक अन् खूण दुसऱ्यालेच?" हो, तसंच.

हे सगळं शर्यतीच्या आधी तारीख घालून लिहून ठेवा. निकालानंतर लिहिलेलं अनुमान नेहमीच बरोबर येतं! संध्याकाळी चित्रफीत पुन्हा बघा, आणि या खेपेला जिंकलेल्याकडे नाही, बाकीच्यांकडे. कोण गेटमधून उशिरा सुटला, कुणाला वळणावर धक्का बसला, कुणाची वाट अडली. स्टुअर्ड्सचा, म्हणजे शर्यतीच्या पंचांचा, अहवाल येतो त्यात यातलं बरंच असतं, आणि तो फार थोडे लोक वाचतात. चौथ्या नंबरावर येऊनही सगळ्यांत चांगला धावलेला घोडा तिथेच सापडतो. माझ्या वहीत अशी नोंद असते: "सोनेगाव. दुसरा, अर्ध्या लांबीनं. दोनशे मीटरला आत अडकला, मोकळा झाल्यावर सगळ्यांत वेगवान. रेटिंग किती चढतं ते बघणे. १४०० ला उतरला तर पहिला विचार याचा."