रेझोनन्स की आयसोमर? आधी अणूंना क्रमांक द्या

शेजारी काढलेल्या दोन रचना एकाच रेणूच्या की दोन वेगळ्या रेणूंच्या, हे ओळखायला पेन्सिल पुरते. पहिल्या रचनेत प्रत्येक अणूला, हायड्रोजनलाही, क्रमांक द्या आणि कोण कोणाला जोडलंय ती यादी करा. बंध एकेरी की दुहेरी हे तूर्त सोडा. तेच क्रमांक दुसऱ्या रचनेत घाला. एक जरी जोडी बदलली तर तो आयसोमर. यादी, अणूंच्या जागा आणि एकूण प्रभार तेच राहून फक्त पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातले, नि एकाकी जोड्या, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, हलल्या, तर रेझोनन्स: एकाच रेणूची दोन चित्रं.

माडीच्या शिरक्यात खायचा सोडा टाकला की ॲसिटेट आयन मिळतो. इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून कुठे जाते ते वक्र बाणाने दाखवा: पहिला बाण ऋण ऑक्सिजनच्या एकाकी जोडीपासून कार्बन-ऑक्सिजन बंधाकडे, दुसरा दुहेरी बंधापासून दुसऱ्या ऑक्सिजनकडे. दुसरा बाण राहिला की कार्बनला पाच बंध होतात. पेपरात गुण इथे जातात. आयन या दोन रूपांत उड्या मारत नाही. त्याचे दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बंध सारखेच, सुमारे १२६ पिकोमीटरचे. ॲसिटिक आम्लात मात्र एक १२१च्या, दुसरा १३६च्या आसपास.

आता वेंगुर्ल्या-मालवणाकडच्या काजूच्या टरफलाचं तेल घ्या (कच्चं हाताला लावू नका, कातडी सोलवटते). ते तापवून मिळणाऱ्या कार्डानॉलमध्ये बेंझीनचं सहा कार्बनांचं कडं असतं; त्यात १ वर ओएच, ३ वर पंधरा कार्बनांची शेपटी. ऑक्सिजनची जोडी कड्यात ढकला: ऋणभार २, ४, ६ वर येतो, ३ आणि ५ वर कधीच नाही. म्हणून रेझिन करताना फॉर्माल्डिहाइड याच जागांवर चिकटतं. हे सगळं रेझोनन्स. शेपटी ३ वरून ४ वर नेलीत तर तो आयसोमर झाला.

यादी फसवते ती त्रिमितीत. शेपटीतला सिस (साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला) दुहेरी बंध ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) केला तर यादी तीच, पण अणूंच्या जागा बदलतात, म्हणून आयसोमर. कोकमातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचंही तसंच: दोन कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेले), चार स्टिरिओआयसोमर (फक्त त्रिमितीतली मांडणी वेगळी), यादी एकच.

ॲसिटोन आणि त्याचं इनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच असलेलं रूप) यांत हायड्रोजन कार्बनवरून ऑक्सिजनवर जातो. हे टॉटोमर, म्हणजे आयसोमरच. त्यांच्यामध्ये समतोलाचे दोन उलटसुलट बाण काढा. दोन्ही टोकांचा एकच बाण फक्त रेझोनन्सला.