गॅलापागोसची छोट्या बोटीची सफर: आधी बेटं ठरवा, मग बोट

बडोद्यात कुठल्याही एजंटकडे गॅलापागोसचं, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या इक्वेडोर देशाच्या बेटांचं, नाव काढा, तो पहिले केबिनचे फोटो दाखवतो, एसी कसा, डेकवर जकुझी आहे का वगैरे, आणि आपणही तेच बघत बसतो. आधी रूट मागा. प्रत्येक बोटीचा रूट तिथल्या नॅशनल पार्कने मंजूर केलेला असतो, निघाल्यावर कॅप्टनला कितीही विनवलं तरी तो मनाने दुसऱ्या बेटावर नेऊ शकत नाही, आणि प्राणी तर बेटागणिक वेगळे.

ही सगळी ज्वालामुखीतून वर आलेली बेटं. खालचा हॉटस्पॉट, म्हणजे लाव्हा वर येण्याची जागा, जागच्या जागी आणि वरची प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा खडकाळ थर, बेटांसकट पूर्वेला सरकतेय, त्यामुळे पूर्वेची बेटं जुनी आणि पश्चिमेची फर्नांडिना, इसाबेला अजून जिवंत, फर्नांडिनाचा ज्वालामुखी २०२४ च्या मार्चमध्येच फुटला होता. न उडणारा पाणकावळा अख्ख्या जगात फक्त या दोन बेटांवर आहे, पेंग्विनही जास्त इथेच, कारण खोल समुद्रातलं थंड पाणी इथे वर येतं आणि मासे भरपूर. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी बघायचाय तर आग्नेयेचं एस्पान्योला, तेही एप्रिल ते डिसेंबर. लाल पायाच्या बूबी पक्ष्यासाठी उत्तरेचं जेनोवेसा, तिथे बोट समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडातच नांगर टाकते! एका आठवड्यात हे सगळं होत नाही, एकच निवडायचं तर मी पश्चिमेचा रूट घ्या म्हणेन.

बोट १६ जणांचीच घ्या. एका गाईडमागे जास्तीत जास्त १६ माणसं असा नियम आहे, म्हणून छोट्या बोटीवरचे सगळे एकदमच उतरतात, शंभर जणांच्या जहाजावर ग्रुप पाडून नंबर लावावा लागतो. बोट लागत असेल तर कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, बरी, नाहीतर खालच्या डेकची मधली केबिन मागा, तिथे हेलकावे कमी आणि बहुतेक वेळा भाडंही कमी. लांबचा प्रवास रात्री असतो, गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि बोट हलायच्या आधीच घ्या.

डिसेंबर ते मे पाणी कोमट, समुद्र शांत. जून ते नोव्हेंबर गार, ऑगस्ट-सप्टेंबरला तर बोट चांगलीच हलते.

बेटावर पांगा नावाच्या रबरी होडीतून नेतात, कधी खडकावर तर कधी गुडघाभर पाण्यात उतरायचं, म्हणून पट्ट्याची सँडल हवीच. निघायच्या आधी दोनतीन महिने स्विमिंग पूलला जाऊन स्नॉर्कलची, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखाली बघत पोहायची, सवय करा, कासवं, सी लायन, पोहणारे इग्वाना सरडे, खरी मजा पाण्याखालीच आहे हो. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतली मगर आपण पुलावरून बघतो, इथे सी लायन पायवाटेवरच आडवा झोपलेला असतो, तरी दोन मीटर लांब राहायचं, फ्लॅश बंद.

पार्कची फी ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाला २०० डॉलर, कॅश ठेवा, शिवाय इक्वेडोरमधल्या कीटो किंवा ग्वायाकिलच्या एअरपोर्टवर बेटांवर जाण्यासाठीचं ट्रान्झिट कार्ड काढावं लागतं. फळं, बिया, रोपं बेटांवर नेता येत नाहीत, बॅगा तपासतात. व्हेज जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, मधल्या समुद्रात कुक तरी काय करणार. आणि यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट नसेल तर भारतात परतल्यावर क्वारंटाईनमध्ये बसवू शकतात.