एस्कॉर्टचा साहेब झालात? मग या चुका टाळा

पोलीस खात्यात कोणाची एस्कॉर्टला बदली झाली की पहिला प्रश्न एकच, काय रे, कोणाशी वाजलं तुझं? कैदी जेलमधून कोर्टात न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे, मध्ये एखाद्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवून आणायचं, ह्यात कसली आली लीडरशिप असं सगळ्यांना वाटतं आणि मलाही तसंच वाटायचं. आता रिटायर होऊन शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पिशवी घेऊन फिरतो तेव्हा जुनी पोरं भेटतात, कोणी पीआय झालाय, कोणी डीवायएसपीच्या यादीत आहे, आणि एस्कॉर्टचा चार्ज मिळालाय हे तोंड पाडून सांगतात. कॉन्स्टेबलने काय करायचं ते ट्रेनिंगला शिकवतात, पण वर बसलेल्याने काय करू नये ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. माझ्या अनुभवाने बहुतेक गडबडी रस्त्यावर होतच नाहीत, आदल्या संध्याकाळी ड्युटी लावतानाच त्या होऊन बसलेल्या असतात, आणि ती ड्युटी लावणारे तुम्ही असता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इथे आपण दिवस काढायला आलोय असं धरून चालणं. साइड पोस्टिंग आहे, वर्ष-दीड वर्षात निघू, तोवर हेड कॉन्स्टेबल बघेल सगळं. हेड कॉन्स्टेबल बघतो हो, छानच बघतो, पण कैदी पळाला की चौकशीत प्रश्न तुम्हाला येतो. निष्काळजीपणाने कैदी पळू देणं हा नुसता खात्याचा विषय नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 261 खाली तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. आणि करिअरचंच म्हणाल तर तुरुंगापेक्षा लिफाफा जास्त लागतो. डिपार्टमेंटल इन्क्वायरीचं चार्जशीट हातात पडलेलं असलं की डीपीसीत, म्हणजे प्रमोशन ठरवणाऱ्या कमिटीत, तुमच्या नावाचा निर्णय इन्क्वायरी संपेपर्यंत सीलबंद लिफाफ्यात जातो, जानकीरामन केसमध्ये 1991 साली सुप्रीम कोर्टाने ही पद्धत नक्की करून टाकलीय, आणि तुमच्या मागचे पुढे जातात, तुम्ही आहात तिथेच. एका चुकीच्या ड्युटीमुळे सीनियॉरिटी लिस्टमधले पाच जण डोक्यावरून गेलेला माणूस मी पाहिलाय.

दुसरी चूक, डोकी मोजून फोर्स लावणं. पाच कैदी म्हणजे दहा पोलीस, झालं गणित. अरे पण पाच कैदी कोण आहेत? चेक बाउन्सवाला म्हातारा आणि एनडीपीएसमधला, म्हणजे ड्रग्जच्या केसमधला, सराईत एकाच मापाने मोजायचा का? आदल्या दिवशी जेलकडून यादी आली की प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहून घ्यायच्या, गुन्हा काय, पूर्वी कधी पळालाय का, उद्या कोर्टात काय व्हायचंय (निकाल आहे की नुसती पुढची तारीख), आणि आजारी आहे का. निकालाच्या दिवशी माणूस वेगळा असतो हे लक्षात ठेवा, जो दोन वर्षं गाईसारखा आला-गेला तो शिक्षा ऐकल्यावर भिंतीवर डोकं आपटून घेतो किंवा दरवाजाकडे धावतो.

आणि हॉस्पिटल. ह्यावर जरा थांबतोच कारण कोर्टापेक्षा हॉस्पिटल दहापट अवघड. कोर्टात निदान सगळ्यांना माहीत असतं की इथे कैदी येतात, जागा ठरलेली असते. ओपीडीत तुम्ही लोकांच्या रांगेत उभे, बाजूला बाळ घेतलेली बाई, स्ट्रेचर जातंय, नर्स ओरडतेय की इतके पोलीस आत नकोत, आणि कैदी म्हणतो साहेब लघवीला जायचंय. माझी गोष्ट सांगतो. एका सरकारी हॉस्पिटलात मी दोन कॉन्स्टेबल आणि एक कैदी पाठवला, साधा चोरीतला पोरगा, पोटदुखीची तक्रार. टॉयलेटला नेलं, एक कॉन्स्टेबल बाहेर, दुसरा केसपेपरच्या रांगेत. त्या टॉयलेटला मागच्या बाजूला धुण्याच्या जागेत उघडणारं दुसरं दार होतं. मी ते हॉस्पिटल आतून कधी बघितलंच नव्हतं, कॉन्स्टेबलनेही नाही. पोरगा पार्किंगच्या पुढे रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे चप्पल तुटून पडला म्हणून सापडला, आमच्या हुशारीने नाही. त्यानंतर मी नियम केला, कुठल्याही हॉस्पिटलात कैदी पाठवायच्या आधी एका माणसाने जाऊन टॉयलेट, मागचे जिने आणि एक्सरेची खोली बघून यायची, तिसरा माणूस द्यायचाच, आणि केसपेपरला रांगेत उभा राहणारा माणूस फोर्समध्ये मोजायचा नाही. डॉक्टरशी आधी बोलून वेळ घेतली तर अर्धा त्रास वाचतो, बहुतेक डॉक्टरना पोलीस आवडत नाहीत पण पोलिसांची गर्दी त्याहून आवडत नाही, त्यामुळे मदत करतात.

बेड्यांचं तर विचारूच नका, दोन्ही बाजूंनी चुका होतात. जुने लोक म्हणतात बेडी घातली की मानवाधिकारवाले धरतात, नवीन पोरं म्हणतात आता नवा कायदा आलाय, घाला सगळ्यांना. दोन्ही अर्धवट. 1980 च्या प्रेमशंकर शुक्ला निकालापासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं आहे की बेडी हा अपवाद, सवय नाही, आणि 1995 च्या आसामवाल्या निकालात सांगितलं की मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय नाही. मग 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाली, तिच्या कलम 43(3) मध्ये खून, बलात्कार, ड्रग्ज, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, सराईत गुन्हेगार, पूर्वी कोठडीतून पळालेला अशांना बेडी घालायची मुभा आहे. पण शब्द नीट वाचा, अटक करताना आणि कोर्टात हजर करताना असं लिहिलंय. हॉस्पिटलात नेताना किंवा एका जेलमधून दुसऱ्या जेलला हलवताना काय, हे त्यात नाही, तिथे जुने निकाल धरूनच चाला, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज द्या, परवानगी घ्या आणि कारण डायरीत लिहा. आणि माणूस झोपवून, पालथा घालून, वर बसून कधीही नेऊ नका, श्वास कोंडतो. कोठडीत कोणी मेला किंवा गायब झाला तर बीएनएसएसच्याच कलम 196 खाली मॅजिस्ट्रेटची चौकशी लागतेच, शिवाय मानवाधिकार आयोगाला मृत्यूचा रिपोर्ट 24 तासांत जावा लागतो.

गोव्यातली खास चूक म्हणजे बंदोबस्ताला फोर्स देऊन गप्प बसणं. नोव्हेंबरात इफ्फी हा फिल्म फेस्टिव्हल, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग ख्रिसमस, थर्टी फर्स्ट, फेब्रुवारी-मार्चात कार्निव्हल आणि शिमगो, आणि चवथीला तर अर्धी माणसं रजेवर. वरून फोन येतो, तुमच्याकडची वीस माणसं द्या, आणि आपण हो सर म्हणतो कारण नाही म्हणायला एस्कॉर्टच्या साहेबाची जीभ उचलत नाही. कोर्टाच्या तारखा मात्र चालूच असतात. नाही म्हणू नका हवं तर, पण कागद करा. दोन ओळींचा, आज एवढे कैदी, एवढी माणसं उरली, अमुक कैद्यांची हजेरी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) घ्यावी अशी कोर्टाला विनंती करतोय. न्यायालयीन कोठडीतल्याची पुढची हजेरी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायची सोय कायद्यात आहे, पोलीस कोठडीवाल्याला मात्र प्रत्यक्ष न्यावाच लागतो. हा कागद माझ्या एका मित्राच्या कामी आला होता, चौकशीत त्याने फक्त तोच पुढे केला.

खाण्याचं एक सांगतो. कोर्टाच्या आवारात बायको-आई डबा घेऊन येतात, पोलीस माणूसच आहे, दया येते. दया करा, पण डबा घेऊ नका, आणि स्वतः तर त्यातलं बिलकूल खाऊ नका. सीरियल किलर चार्ल्स शोभराजची गोष्ट आपल्याकडे पोरांनाही माहीत आहे, मार्च 1986 मध्ये तिहारमध्ये वाढदिवसाच्या नावाखाली गार्डना गुंगीची मिठाई चारली आणि बाहेर पडला, आणि तीनेक आठवड्यांनी 6 एप्रिलला आपल्या पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात मुंबईच्या इन्स्पेक्टर मधुकर झेंडेंनी त्याला धरला. हॉटेलवाल्यांनी पुढे त्याचा पुतळासुद्धा बसवला, पुतळा त्याचा, पकडणाऱ्याचा नाही, काय बोलायचं.

मिठाईपेक्षा ओळख जास्त घातक. एकच कॉन्स्टेबल महिनोन् महिने एकाच कैद्याबरोबर गेला की साहेब-साहेब करत दोस्ती होते, मग बिडी, मग मोबाइल, मग घरच्यांचा निरोप, मग पैसे. डिसेंबर 2024 मध्ये रायबंदरला क्राइम ब्रँचच्या कोठडीतून जमीन घोटाळ्यातला आरोपी गेला तो पहाऱ्यावरच्या कॉन्स्टेबलच्याच मदतीने, कॉन्स्टेबलला नंतर नोकरीतून काढलं आणि आरोपी पुढे केरळात सापडला. ते वाचून मला पहिला प्रश्न पडला तो त्या पोराचा नव्हे, त्याची ड्युटी कोण आणि किती दिवसांनी बदलत होतं ह्याचा. रोटेशन लावा, आणि कोण कोणाबरोबर जाणार ते सकाळीच सांगा, आदल्या दिवशी नको.

कॅमेऱ्यासमोर कैदी उभा करू नका. 15 एप्रिल 2023 ला प्रयागराजला गँगस्टर अतीक अहमद आणि त्याच्या भावाला मेडिकलला नेत होते, पोलिसांच्या कड्यातच चालता चालता तो चॅनेलवाल्यांच्या माइकवर बोलत होता आणि पत्रकार बनून गर्दीत घुसलेल्या तिघांनी पिस्तूल काढून दोघांनाही तिथेच मारलं. लाइव्ह दिसलं सगळ्या देशाला. बाइट मागणाऱ्यांना बॅरिकेडच्या बाहेर ठेवा, कोणी कितीही ओळखीचा असो, आणि गेटपासून दारापर्यंतचं अंतर चालत नाही, गाडीने कापा.

बायका कैदी असतील तर महिला पोलीस लागतातच, हे सांगायची गरज पडू नये, पण एकीला तीन जणींमागे लावणारे महाभाग आहेत.

आता एवढं करूनही कैदी गेलाच तर? इथे सगळ्यात वाईट चूक होते आणि ती मीही केलीय. त्या चप्पलवाल्या पोराच्या वेळी चाळीस मिनिटं मी वर कळवलंच नाही, आपणच शोधू, सापडला की कोणाला कळणार नाही. गोवा एवढासा आहे की चाळीस मिनिटांत म्हापशाहून माणूस राज्याच्या हद्दीवर पत्रादेवी नाहीतर दोडामार्गला पोचतो, फोंड्याहून मोलेच्या वाटेला लागतो. पहिल्या मिनिटाला कंट्रोल रूम, मग हद्दीवरची नाकी, पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे, मग स्टेशनं थिवी, करमळी, मडगाव, मग दाबोळी आणि मोपा विमानतळ. फोटो मोबाइलमध्ये आधीच असला पाहिजे, त्या सकाळचा, त्या दिवसाच्या कपड्यातला, नाहीतर तुम्ही अटकेच्या वेळचा दाढीवाला फोटो पाठवता आणि नाक्यावरचा पोरगा दाढी केलेल्याला सलाम करून सोडतो. मी उशिरा कळवल्यावर साहेब ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, पळाला म्हणून मी तुला वाचवला असता, लपवलंस म्हणून कसा वाचवू? डिपार्टमेंटल इन्क्वायरी माझ्यावर बसली नाही ते नशीब, पण त्या वर्षीच्या एसीआरमध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय रिपोर्टमध्ये, जी ओळ आली ती अजून पाठ आहे.

शेवटचं व्हॅनच्या चावीचं. आग्वादला जेल होतं तेव्हा सिकेरी-कांदोळीच्या त्या एकाच रस्त्याने पर्यटकांच्या रेंट-अ-कारमधून गाडी काढायची म्हणजे जीव मुठीत, 2015 ला जेल कोलवाळला आल्यापासून एनएच 66 जवळ आला पण वेग वाढला, काणकोण कोर्टाची तारीख असली की पावसात गोव्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जायचं, ड्रायव्हर पहाटे उठलेला. मागच्या जाळीची चावी ड्रायव्हरच्या खिशात असते बऱ्याचदा, सोयीचं म्हणून. ड्रायव्हरच बेशुद्ध झाला तर आतल्यांना कोण काढणार? चावी पुढच्या सीटवरच्या पार्टी इन्चार्जकडे, दुसरी मागून येणाऱ्या गाडीत, आणि महिन्यातून एकदा उभ्या गाडीत, आत आपलीच माणसं बसवून, घड्याळ लावून बघा की सगळे बाहेर यायला किती वेळ लागतो. आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुलूपच गंजलेलं निघालं.